अकरा, बारा

"मोजणी!"

बराले सरांची शिट्टी वाजली आणि गाडीतून उतरून कंबर मोकळी करणारे आम्ही सगळे होतो तिथंच थांबलो. धुकं इतकं दाट होतं की आपल्याच गाडीचं मागचं टोक दिसत नव्हतं.

"एक," सर स्वतःच म्हणाले.

"दोन." "तीन." "चार." कुणी डावीकडून, कुणी गाडीच्या पलीकडून. सहापर्यंत आकडे आले आणि मग सगळे एक श्वासभर गप्प राहिले. त्यानंतर माळीवहिनींनी "आठ" म्हटलं.

सात आकडा कारखानीसांचा होता आणि कारखानीस जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या रविवार पायपीट मंडळात माणूस ज्या क्रमानं आला तो त्याचा आकडा, आणि तो कायमचा. माणूस गेला तरी आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही, त्याच्या जागी तेवढं थांबायचं. सर कोल्हापुरातल्या एका शाळेतून पी.टी. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले होते. आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे, कुणी आजोबा, कुणी आज्या, पण सरांच्या लेखी सातवी ब.

"नऊ." "दहा."

"अकरा, बारा," हे म्हणाले.

अकरा म्हणजे हे आणि बारा म्हणजे मी. माझ्या गळ्याचं, थायरॉइडचं ऑपरेशन झालं त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. ऑपरेशन उत्तम झालं, फक्त आवाज गेला. अगदी गेला असं नाही, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढा उरला. त्या दिवसापासून हे माझ्या वतीनं बोलायला लागले. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, मुलीशी फोनवर, सगळीकडं. पहिल्या वर्षी मला त्यांचं किती कौतुक वाटायचं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षापासून मी तोंड उघडायच्या आधीच उत्तर तयार असायचं आणि मी तोंड मिटून घ्यायची.

"तेरा," कल्पना टिपुगडे म्हणाली.

"चौदा, आणि शेपूट हजर," माने म्हणाले. सगळ्यात मागं चालणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणायचो. त्या दिवशी ते काम मान्यांकडं होतं.

"तेरा माणसं," सर म्हणाले. "आता जेवणाचं सांगा. ठकूबाईंकडं गडी पुढं पाठवायचा आहे. कोंबडी किती, पिठलं किती?"

खरं सांगायचं तर निम्मं मंडळ या जेवणासाठीच पायपीट करायचं. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं ते लांबच्या लांब सपाट कातळाचं पठार. ते ओलांडून पलीकडं उतरलं की चार घरांचा धनगरवाडा होता. तिथं ठकूबाई येडगे चुलीवर गावठी कोंबडीचा रस्सा आणि नाचणीची भाकरी करून घालायच्या. आपापलं ताट, वाटी, चमचा प्रत्येकानं घरून आणायचा, हाही सरांचा नियम. सड्यावर कागदी पत्रावळ दिसली तर सर आठवडाभर बोलायचे नाहीत.

"वहिनी, तुमचं काय?" सरांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं.

"पिठलं," हे म्हणाले. "तिला तिखट सोसत नाही."

सोसत नाही! ऑपरेशननंतर दोन महिने सोसत नव्हतं, ते यांनी जन्माचं धरून ठेवलं होतं. मी हळूच म्हणाले, "अहो, मला कोंबडी पाहिजे." तोवर सर पुढं गेले होते.

"असू दे गं, पोटाला बरं असतंय," हे म्हणाले आणि माझा मोबाइल माझ्या हातातून घेऊन आपल्या खिशात टाकला. वर दव पडतं, तुझा भिजेल म्हणाले. एवढ्या एवढ्याशा गोष्टीवरून रुसायचं माझं वय नव्हतं. तरी मी रुसले. मुद्दाम मागं राहिले, दर दहा पावलांना यांची पाठ आणखी पुसट होताना बघत.

भाद्रपद संपत आला होता. सड्यावर पिवळी, जांभळी बारकी फुलं कातळातून वर आली होती आणि सगळे वाकून वाकून फोटो काढत होते. वाट म्हणजे काय, कातळावर जागोजागी रचून ठेवलेले चार-चार दगड. एका दगडापासून पुढचा दिसला की चालायचं. धुक्यात तेही मुश्किलीनं दिसत होतं.

तासाभरानं मला एका बाजूला जायची गरज पडली. एरवी मी कल्पनाला सांगून जायची. पण कल्पना पुढं बायकांच्या घोळक्यात हसत होती आणि यांना सांगायचं तर मी बोलतच नव्हते. दगडांपासून सातआठ पावलांवर कारवीचं एक झुडूप होतं, त्याच्या मागं गेले. बसले आणि तेवढ्यात माने आले. शीळ वाजवत, काठी टेकत, माझ्यापासून दहा हातांवरून गेले. हाक मारायची तर तीच वेळ होती. पण तशा अवस्थेत परपुरुषाला हाक कशी मारायची? मी श्वास रोखून बसले आणि माने गेले, म्हणजे शेपूटच गेलं.

साडी सावरून उठले तर झुडपाभोवती चारी बाजूंना पांढरं. ज्या बाजूनं आले असं वाटत होतं तिकडं चालले. पंधरा पावलं, वीस, तीस. दगड नाहीत. परत फिरले तर झुडूपही नाही. तरीही मी घाबरले नव्हते. इथंच आहेत सगळे, कुणाचं तरी हसणं येईल, मग जाईन, असं मनाशी म्हणत उभी राहिले.

मग शिट्टी आली.

"मोजणी!" सरांचा आवाज. अगदी जवळून. पण कुठून ते कळेना. एकदा डावीकडून वाटायचा, एकदा समोरून.

"एक." "दोन." "तीन."

माझा जीव भांड्यात पडला. बारा आकडा येणार नाही, मोजणी अडेल, सर ओरडतील, "बारा कुठाय?" आणि माणसं मागं येतील. सरांवर आम्ही इतकी वर्षं हसायचो, पण ही मोजणी याच दिवसासाठी तर होती. मी हात छातीशी धरून उभी राहिले.

"सहा." सातची ती शांतता. "आठ." "नऊ." "दहा."

"अकरा, बारा."

यांचा आवाज होता. सकाळसारखाच, एका दमात.

"तेरा." "चौदा, शेपूट हजर."

"तेरा माणसं, सगळी आहेत," सर म्हणाले. "चला, उतार सुरू होतोय. सांभाळून."

मी ओरडले. सगळी ताकद लावून ओरडले. माझ्या घशातून नुसती हवा बाहेर पडली. पुन्हा ओरडले, तेव्हा कुत्र्यानं खोकावं तसा काहीतरी आवाज आला आणि घशाला आग लागली. त्यांच्या बुटांखाली खडे वाजत होते ते हळूहळू कमी झाले. कुणीतरी हसलं, लांबून. मी त्या हसण्याच्या दिशेनं पळत सुटले. ओल्या कातळावरून घसरले, गुडघा फुटला, उठले, पुन्हा पळाले. थांबले तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती आजवर पुन्हा कधी वाटली नाही. नुसती चुकले असते तर एवढी भ्याले नसते. चुकलेल्या माणसाला शोधतात. मला कोण शोधणार होतं? मी तर हजर होते. माझी मोजणी झाली होती. आता ती माणसं उतरतील, हातपाय धुतील, पुरुष अंगणात बसतील, बायका चुलीपाशी जातील. यांना वाटेल मी बायकांत आहे, बायकांना वाटेल मी यांच्याजवळ आहे. आणि मी इथं उभी.

आणि मग आणखी एक विचार आला. तो यायला नको होता. यांनी मागं वळून पाहिलं नसेल का? अठ्ठावीस वर्षांचा संसार. बायको पाठीमागं आहे की नाही हे माणसाला न बघता कळतं. कळूनही म्हणाले असतील तर? मी तो विचार झटकला आणि मोठ्यानं, म्हणजे माझ्या परीनं मोठ्यानं, म्हणाले, "सवयीनं म्हणाले. सवयीनंच."

बसून घेतलं. सर नेहमी सांगायचे, चुकलात तर बसा, भटकू नका. तहान लागली होती. पिशवीतली पाण्याची बाटली काढायला गेले तर तिच्यावर फडक्यात बांधलेलं ताट होतं. ते बाहेर ओढताना फडक्याची गाठ सुटली आणि वाटी निसटली. कातळावर टण्णकन वाजली आणि कडेवर उभी राहून घरंगळायला लागली. हात पुढं केला तोवर ती धुक्यात गेलीसुद्धा. तिचा आवाज येत होता. खळ्ळ, खळ्ळ, मग एक टण्ण.

मग काहीच नाही.

मी हात तसाच पुढं धरून ऐकत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. आणि मग फार खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, बारीक किणकिण आवाज आला.

चार पावलं. ज्या दिशेनं मी पळत आले होते त्याच दिशेनं आणखी चार पावलं, आणि तिथं सडा संपत होता. मी बसल्या बसल्या मागं सरकले. हातांनी चाचपत, कातळ आहे ना, आहे ना, असं बघत सरकले. दोन हात सरकले की थांबायचे, कारण मागं काय आहे ते तरी कुणाला माहीत होतं? अंगातलं पोलकं घामानं भिजलं होतं आणि दात वाजत होते. देवाचं नाव घ्यायला गेले तर नावच आठवेना.

हातात ताट होतं. चमचा पिशवीत होता. इतका वेळ ते डोक्यात का आलं नाही याचं मला नंतर फार हसू यायचं. त्या वेळी हसू कुठलं? चमचा काढला, ताट उंच धरलं आणि पहिला ठोका मारणार, तोच माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी जोरानं श्वास सोडला.

माणसाचा नव्हता. मोठा, ओला, फुरफुरता श्वास. पाठोपाठ कातळावर खुराचा आवाज, एकदाच. आणि वास आला, गोठ्यात येतो तसा, पण उग्र.

गवा. धुक्यात पहिल्यांदा नुसता एक काळपट आकार दिसला, माझ्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच. मग पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे, कुणी मोजे घातल्यासारखे. एकटाच होता.

मागच्या खेपेला ठकूबाईंनी सांगितलेलं सगळं मला शब्दन् शब्द आठवलं. "कळप असला तर भ्यायचं न्हाई. एकटा गवा लई वंगाळ. लांब असला तर ताट बडवा, डबा बडवा, शेतातनं आमी तसंच हाकताव. पर जवळ आला तर आवाज करायचा न्हाई. हलायचं न्हाई. नाकानं सूं कराय लागला तर दगुड हुन ऱ्हायचं."

आता हा जवळ होता की लांब? वीस हात असेल. पंधरा असेल. ताट वाजवलं तर तो अंगावर येईल. नाही वाजवलं तर खाली बसलेल्या बारा माणसांपैकी एकालाही कळणार नाही की मी वर आहे. समोर कडा. पळायला जागा नाही.

मी दगड होऊन राहिले. हात वर, ताट हातात, चमचा दुसऱ्या हातात. खांदे भरून आले, मग दुखायला लागले, मग बधिर झाले. गवा मान खाली घालून फुलं खात होता. करकर आवाज येत होता. मध्येच मान वर करून माझ्याकडं बघायचा. मला आठवलं की मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार आहे. डिंक आणून ठेवलाय, लाडू करायचे राहिलेत. लाडू कोण करणार? ते काही हे माझ्या वतीनं करू शकणार नाहीत. हे मनात आलं आणि मला इतकं रडू फुटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हुंदका मी दिला नाही. दिला असता तरी कुणाला ऐकू गेला असता म्हणा.

खूप वेळानं गवा वळला. एक-एक पाऊल टाकत धुक्यात विरला. मी शंभर आकडे मोजले. सातला थांबले, सवयीनं. आणि मग ताट बडवलं.

बडवलं म्हणजे काय बडवलं! चार वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या ताटावर काढलं. थांबायचे, ऐकायचे, पुन्हा बडवायचे. गवा परत आला तर येऊ दे, असं झालं होतं मला. ताटाला खळगा पडला. चमचा वाकला. वाकलेल्या चमच्यानं बडवत राहिले.

"कोन हाय तिकडं?"

बाईचा आवाज, लांबून, पण खणखणीत.

मी आणखी जोरानं बडवलं.

"ताट वाजवत ऱ्हा, बाय! पाय हलवू नगंस! तिथं कडा हाय!"

ठकूबाई धुक्यातून आल्या त्या आधी त्यांचं कुत्रं आलं आणि माझा फुटलेला गुडघा चाटायला लागलं. पाठोपाठ डोक्यावर पदर, हातात कोयता, कमरेला खोचलेलं लुगडं. त्यांनी माझ्या हातातला चमचा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. मग त्यांनी नाद सोडला आणि माझं मनगट धरलं.

"चल," म्हणाल्या. "माझ्या पावलावर पाऊल टाक."

उतरताना त्यांनी सांगितलं. भाकरी वाढायला त्या बाहेर आल्या तेव्हा वरून ताटाचा आवाज येत होता. माने म्हणाले, कुणीतरी गवे हाकतंय, आणि रश्शात भाकरी कुस्करायला लागले. "मी म्हनलं, हाकतंय? तिकडं शेत कुठाय? तिकडं नुसता कडा हाय. मग ताटं मोजली. तेरा मानसं म्हनून सांगितलासा, आनि ताटं बारा." त्यांनी वाटेतली फांदी कोयत्यानं बाजूला केली. "आनि तुझा मालक. सगळी बसली, ह्यो कुंपनापाशी हुबा. ताट हातात, त्वांड सड्याकडं. मी दोनदा म्हनलं, दादा, बसा की. बसंना, बोलंना."

निम्म्या वाटेवर सर आणि माने भेटले आणि त्यांच्या मागं हे. यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी माझा हात धरायला हात पुढं केला, पण माझ्या एका हातात ताट होतं आणि दुसरा ठकूबाईंनी धरलेला होता.

अंगणात सगळ्यांनी गराडा घातला. कल्पना रडत होती. माने दर दोन मिनिटांनी "माझी चूक, मी शेपूट" म्हणत होते. सर इतके चिडले होते की त्यांना बोलताना धाप लागत होती.

"वसंतराव, तुम्ही बारा म्हणालात!"

"सवयीनं म्हणाले हो ते," माळीवहिनी मध्ये पडल्या. "रोजची सवय. कुणाचंही झालं असतं."

"सवयच," दोघंतिघं म्हणाले.

यांनी मान खाली घातली.

"आजपासून नियम," सर म्हणाले. "नसलेल्या माणसाचा आकडा कुणीही म्हणायचा नाही. नवरा नाही, बायको नाही, कुणी नाही."

ठकूबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "काय खातीस, बाय?"

सवयीनं मी यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते. ठकूबाई माझ्या तोंडाकडं बघत थांबून राहिल्या. त्यांना काही घाई नव्हती.

"कोंबडी," मी म्हणाले.

"आत्ता कसं!" त्या म्हणाल्या आणि आपल्या घरची वाटी आणून रस्सा वाढला. तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी वाटी पुसून खाल्ली.

जेवणानंतर हे माझं ताट घासायला घेऊन पाण्याच्या दगडी डोणीपाशी गेले. यांनी ताट घासलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी जाऊन शेजारच्या दगडावर बसले. बाकीचे लांब होते. यांनी राखेनं ताट घासलं, त्यातल्या खळग्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा घासलं.

"शैला," म्हणाले. "मागं बघितलं होतं मी."

मी त्यांच्या राखेनं माखलेल्या हातांकडं बघितलं.

"मोजणी चालू होती. दहा झालं. मी मागं बघितलं, तू नव्हतीस."

"तरी म्हणालात?"

"म्हटलं, रुसलीयस. मागं कुठंतरी असशील, धुक्यात. बारा नाही म्हटलं तर सर सगळ्यांना थांबवणार. चारचौघांत विचारणार, बायको कुठाय, काय झालं. कोंबडी-पिठल्यावरून..." त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला. "म्हटलं, येशील. नंतर वाटलं, आता तरी येईल. नंतर सरांना सांगायचं तर कसं सांगायचं? मी म्हणालो होतो ना. वर ताट वाजत होतं आणि मी कुंपणाशी उभा होतो. पाय उचलत नव्हता गं."

राग आला. असा राग की ते ताट त्यांच्या डोक्यात घालावं. आणि भीतीही पुन्हा आली, धुक्यातली, तशीच्या तशी. जो विचार मी झटकून टाकला होता तोच खरा होता, आणि ज्याच्याबद्दल तो होता तो माणूस माझ्या समोर बसून माझं ताट घासत होता, आणि रडत होता.

"सगळ्यांना सांगू?" त्यांनी विचारलं. "तू म्हण, आत्ता सांगतो."

"नको," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी बारा म्हणू नका. एवढंच करा."

पुढच्या रविवारी मंडळ जोतिबाच्या डोंगराकडं गेलं. घरातून निघताना यांनी दोनदा विचारलं, येणार आहेस ना. मी आले. शिट्टी झाली, मोजणी झाली, दहा झालं.

"अकरा," हे म्हणाले आणि गप्प झाले. सगळे गप्प. सातच्या वेळी असायची तशी शांतता पसरली आणि माझ्या अंगावर काटा आला. मी पिशवीतून ते खळगा पडलेलं ताट काढलं आणि चमच्यानं एकच ठोका दिला.

"तेरा," कल्पना म्हणाली.

तेव्हापासून बारा म्हणजे ताट. नवीन माणसं हसायची, मग त्यांनाही सवय झाली. सड्यावरची गोष्ट आम्ही कितीतरी वेळा लोकांना सांगितली. मी सांगायची, हे ऐकायचे. "सवयीनं म्हणाले हे" या वाक्याला मी कधी अडखळले नाही. यांनी त्यानंतर माझ्या वतीनं कुणाला काही सांगितलं नाही. बाजारात मी कुजबुजत घासाघीस करायची आणि हे पिशवी धरून दोन पावलं मागं उभे असायचे. मी नजरेआड झाले की मात्र कासावीस व्हायचे. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही तर बाहेरून हाक यायची, "आहेस ना?" मी पळीनं कढईवर टण्णकन वाजवायची. तेरा वर्षं हे चाललं होतं.

गेल्या माघात हे गेले. झोपेतच, काही त्रास नाही. मी तीन महिने मंडळात गेले नाही. चौथ्या महिन्यात कल्पना घरी येऊन पिशवी भरून देऊनच गेली.

सर आता ऐंशीच्या पुढं आहेत. चढ चढत नाहीत, पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात. पण शिट्टी त्यांच्याकडंच असते.

"मोजणी!" सर म्हणाले. आवाज थकलेला. "एक."

सहानंतर सगळे थांबले. आठला माळीवहिनी नाहीत आता, तिथंही थांबले. "नऊ." "दहा."

आणि सगळे थांबले. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. तेवढं थांबायचं आणि मग माझा ठोका, असा नियम होता, सगळ्यांना पाठ होता.

मी ताट काढलं. खळग्याच्या बाजूला धरलं आणि वाजवलं. मग जराही न थांबता, एका दमात, पुन्हा वाजवलं.

सरांनी शिट्टी तोंडाला लावली. माझ्याकडं बघितलं. शिट्टी खाली ठेवली.

"तेरा," कल्पना म्हणाली.